कीटो आहार आणि अवयवांची निरनिराळी वेळापत्रके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत केटोजेनिक, म्हणजे सगळे ज्याला सरसकट 'कीटो' म्हणतात त्या अत्यल्प कर्बोदकांच्या आहारावर तीन लेख वाचले. तिन्ही लेखांत दोन विधाने जवळजवळ त्याच शब्दांत आली आहेत. पहिले असे की, पहिल्याच आठवड्यात तीन किलो वजन उतरले. आणि दुसरे असे की, तीन-चार दिवसांत शरीर या आहाराला सरावते. पहिले विधान खरे असू शकते, पण वाचक त्याचा जो अर्थ घेतो तो चुकीचा आहे. दुसरे अर्धवट आहे, आणि औषधे चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत ते धोक्याचे ठरू शकते. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी हा आहार माझ्या डोळ्यांसमोर केला आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या तीन किलोंचा हिशेब मांडू. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. आठवड्यात तीन किलो चरबी जायची तर २३,१०० किलोकॅलरींची, म्हणजे रोज ३,३०० किलोकॅलरींची तूट पडायला हवी. बैठे काम करणाऱ्या बहुतेकांचा दिवसभराचा एकूण खर्चच याहून कमी असतो. अशा माणसाने आठवडाभर नुसत्या पाण्यावर काढले तरी एवढी तूट पडणार नाही. मग काटा खाली येतो तो प्रामुख्याने पाण्यामुळे. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे रेणू साखळीने जोडून केलेला साठा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली की यकृतातला साठा एक-दोन दिवसांत उतरतो, स्नायूंतलाही बराच कमी होतो, आणि त्याने धरलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. हे वजन परत येते तेही तितक्याच झपाट्याने. एक-दोन दिवस पूर्वीसारखे जेवण झाले की काटा दीड-दोन किलोंनी वर सरकतो आणि माणूस हताश होऊन म्हणतो की सगळे पाण्यात गेले. खरे तर पाणीच गेले होते आणि पाणीच परत आले. चरबीचा हिशेब त्या दोन्ही वेळी वेगळाच चालू होता.

या पहिल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि आपल्या तिन्ही लेखांत तिचा उल्लेखही नाही. कर्बोदके घटली की रक्तातील इन्सुलिन खाली येते. इन्सुलिनचे काम केवळ साखरेपुरते नाही. मूत्रपिंडाने सोडियम धरून ठेवावे हाही निरोप ते देत असते. निरोप थांबला की मूत्रपिंड सोडियम सोडू लागते, त्याच्यामागून पाणी जाते, रक्ताचे आकारमान काहीसे घटते, आणि मग डोके दुखणे, उठताना अंधारी येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, छाती धडधडणे हा सगळा त्रास सुरू होतो. याला लोकांनी 'कीटो फ्लू' असे नाव दिले आहे, परंतु त्याचा कोणत्याही विषाणूशी संबंध नाही आणि 'शरीरातील विष बाहेर पडत आहे' या समजालाही आधार नाही. तो मुख्यतः मीठ आणि पाणी कमी पडल्याचा त्रास असतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो.

माझ्या भावाची पाचव्या दिवशीची सकाळ मला अजून आठवते. तो दात घासायला वाकला होता. मान वर केली आणि दोन्ही हातांनी बेसिनची कड घट्ट धरून तो तसाच उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता आणि 'काही दिसत नाही गं' एवढेच तो म्हणाला. त्याला आडवे करून घरातल्या यंत्रावर रक्तदाब मोजला तर वरचा आकडा ९२ भरला. त्याला उच्च रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि ती त्याने इमानेइतबारे रोज घेतली होती. म्हणजे एकीकडे आहार मीठ आणि पाणी बाहेर काढत होता आणि दुसरीकडे गोळीही तेच करत होती. शिवाय आरोग्याच्या नावाखाली त्याने जेवणातले मीठही तोडले होते. डॉक्टरांनी त्याच दिवशी ती गोळी थांबवली, रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासले, आणि मीठ तोडू नका म्हणून बजावले. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त आहे त्यांना हाच सल्ला घातक ठरू शकतो, त्यामुळे तो कोणी परस्पर उचलू नये. मला दुःख याचे आहे की भावाने लेख वाचून आहार सुरू केला आणि लेखात या एका वाक्याची जागा रिकामी होती. आणि माझ्यावरही याचा दोष येतोच, कारण घरात राहून मी त्याला गोळ्यांबद्दल विचारले नाही.

आता यकृताकडे आणि मेंदूकडे वळते, कारण 'सरावणे' या शब्दाचा खरा अर्थ तिथे आहे. इन्सुलिन उतरले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले (फॅटी अ‍ॅसिड) रक्तात येतात आणि स्नायू, हृदय, मूत्रपिंड ती थेट जाळू शकतात. मेंदूला मात्र ती इंधन म्हणून जवळजवळ वापरता येत नाहीत. शरीराच्या वजनाच्या अवघ्या दोन टक्क्यांचा हा अवयव विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऊर्जा खातो आणि एरवी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो. स्नायूंतील ग्लायकोजेन त्याच्या कामी येत नाही, कारण ते मोडून ग्लुकोज रक्तात सोडायला लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंत नसते. स्नायूंचा साठा स्नायूंपुरताच. यकृताचा साठा संपल्यावर हे ग्लुकोज केवळ प्रथिनांपासून करत राहायचे म्हटले तर उपाशी माणसाचे स्नायू काही आठवड्यांतच झिजून तो दगावायला हवा. पण पाण्यावर दोन-दोन महिने जगलेली माणसे माहीत होती. हा ताळा बसत नव्हता.

तो बसवला बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांच्या गटाने, १९६७ साली. पाच ते सहा आठवडे उपवासावर असलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून परतणाऱ्या रक्तातील फरक त्यांनी मोजला, आणि मेंदूचे प्रमुख इंधन तोवर ग्लुकोज राहिले नसून त्याची जागा चरबीपासून बनणाऱ्या केटोन द्रव्यांनी घेतली आहे, असे आढळले. मेंदूच्या गरजेचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग ही द्रव्ये भागवत होती. मी हा प्रयोग दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी तो शिकवताना मला तितकेच भारावून जायला होत असे, कारण तोपर्यंत केटोन द्रव्यांकडे रोगाची खूण म्हणूनच पाहिले जाई आणि या प्रयोगाने तीच द्रव्ये माणसाला दुष्काळातून तारून नेणारी शिदोरी असल्याचे दाखवले.

ही द्रव्ये यकृत बनवते. तिथे मेदाम्लांचे तुकडे होऊन त्यांपासून असिटोअ‍ॅसिटेट, आणि त्यापासून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तयार होते. थोड्या असिटोअ‍ॅसिटेटचे असिटोन होते आणि ते श्वासावाटे बाहेर पडते, म्हणून या दिवसांत तोंडाला नखांचे रंग पुसायच्या द्रावणासारखा वास येतो. गंमत अशी की यकृताला स्वतःला हे इंधन वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर त्याच्याकडे नाही. जे रांधले ते सगळे इतरांना वाढायचे, अशी ही व्यवस्था आहे. अखंड उपवासात सुरुवातीचे काही दिवस स्नायूही ही द्रव्ये भरपूर उचलतात, पण आठवड्यांगणिक ते मेदाम्लांवर भागवू लागतात आणि केटोन मेंदूसाठी शिल्लक राहतात. मेंदू ती रक्तातील पातळीच्या प्रमाणात घेतो. त्यामुळे उपवासातील आकडे आहाराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कीटो आहारात पातळी सहसा लिटरमागे ०.५ ते ३ मिलिमोल असते, आणि एवढ्या पातळीला मेंदू ग्लुकोजही बऱ्यापैकी वापरत राहतो. ते ग्लुकोज यकृत आणि मूत्रपिंड चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, लॅक्टेटपासून आणि अमिनो आम्लांपासून करतात. म्हणूनच या आहारात पुरेसे प्रथिन असणे महत्त्वाचे आहे. ते कमी पडले तर शरीर स्नायूंना हात घालते.

तेव्हा यकृताची तयारी दोन-चार दिवसांत होते, हे आपल्या लेखकांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. पण मूत्रपिंडाला एक-दोन आठवडे लागतात. स्नायूंना तर कित्येक आठवडे, आणि कष्टाच्या व्यायामाच्या बाबतीत ते पूर्वपदावर येतीलच असेही नाही. १९८३ साली स्टीफन फिनी यांनी कसलेल्या पाच सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमहून कमी कर्बोदके दिली. मध्यम वेगाने थकेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा सरासरी वेळ आधी १४७ मिनिटे होता, नंतर १५१ भरला. म्हणजे दमसास टिकला. हा निकाल फार उद्धृत होतो, पण पाचजणांच्या सरासरीमागे एखाद्याची मोठी प्रगती आणि दुसऱ्याची मोठी घसरण लपलेली होती, आणि अचानक जोर लावण्याची क्षमता घटल्याचे स्वतः संशोधकांनीच नमूद केले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. २०१७ साली लुईस बर्क यांच्या ऑस्ट्रेलियातील गटाने अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर असाच प्रयोग केला. त्यांच्या शरीराने चरबी जाळण्यात कमालीची वाढ दाखवली, मात्र तेवढ्याच वेगासाठी त्यांना अधिक ऑक्सिजन लागू लागला आणि कसून सराव करूनही त्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली नाही. कारण सरळ आहे: एक लिटर ऑक्सिजन वापरून ग्लुकोज जाळले तर सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात आणि चरबी जाळली तर ४.७. सावकाश चालणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, पण श्वास अपुरा पडेल इतक्या वेगात धावणाऱ्याला जाणवतो.

लघवीच्या पट्ट्यांविषयी लिहायलाच हवे, कारण यावरून होणारी निराशा मी जवळून पाहिली आहे. भावाने वापरलेल्या पट्ट्या एका कोऱ्या वहीत चिकटपट्टीने ओळीने लावल्या होत्या आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने तारीख घातली होती. तिसऱ्या दिवशीची फिकट गुलाबी, सहाव्या दिवशीची गर्द जांभळी, दहाव्या दिवशीचीही तशीच. आणि मग पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून रंग उतरत उतरत पुन्हा गुलाबीवर आलेला. आहारात एका घासाचाही फरक नसताना हे झाले, आणि आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून त्याने भाज्यासुद्धा कमी करायला घेतल्या. खरी गोष्ट अशी की या पट्ट्यांना फक्त असिटोअ‍ॅसिटेट दिसते, तर रक्तात प्रमाणाने जास्त असते ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट पट्टीला दिसतच नाही. शिवाय काही आठवड्यांनी मूत्रपिंड ही द्रव्ये लघवीत वाया न घालवता परत शोषून घेऊ लागते, आणि पाणी जास्त प्यायले तरीही रंग फिका पडतो. सुरुवातीचा गर्द रंग हे न वापरलेले इंधन सांडल्याचे चिन्ह असते. त्यामुळे रंग उतरला म्हणून भाज्या सोडणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणे आहे.

केटोन म्हटले की डॉक्टरांच्या कपाळावर आठी का पडते, हेही वाचकांना कळले पाहिजे. मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसेल तर यकृतावर लगाम राहत नाही, केटोन द्रव्ये १० मिलिमोलच्या वर आणि कधी २० च्याही पुढे जातात, रक्त आम्लधर्मी होते आणि जीवावर बेतते. निरोगी माणसात केटोन वाढले की थोडे इन्सुलिन स्रवते आणि ते चरबीचा ओघ रोखून धरते, त्यामुळे ही पातळी आटोक्यात राहते. म्हणजे दोन्हींत केटोन असले तरी एकात लगाम शाबूत असतो आणि दुसऱ्यात तो तुटलेला असतो. ज्यांचा लगाम आधीच कमजोर आहे त्यांनी म्हणूनच हा आहार मनाने करू नये. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणारे त्यांत येतात. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधे घेणारेही येतात, कारण या औषधांमुळे रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्लविषार, म्हणजे केटोनमुळे रक्त आम्लधर्मी होण्याचा हाच प्रकार, होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्येच तसा इशारा दिला आहे. साखर तपासली, ठीक आहे, असे म्हणून रुग्ण घरी बसतो आणि उलट्या व धाप वाढत जाते, हा त्यातला घात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट भीती असते: कर्बोदके अचानक तोडली आणि मात्रा तीच ठेवली तर पहिल्याच दिवशी साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांमध्येही या आहारावर आम्लविषार झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. मेदाम्ले जाळण्याच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असेल तर हा आहार पूर्ण निषिद्ध आहे.

मी या आहाराची विरोधक नाही, हे येथे स्पष्ट करते. त्याचा जन्मच उपचार म्हणून झाला. उपवासाने अपस्माराचे झटके थांबतात हे दिसल्यावर, उपवासाचा परिणाम जेवूनही साधावा म्हणून मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली हा आहार सुचवला आणि त्याला नावही त्यांनीच दिले. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध आले आणि गोळी देणे सोपे असल्याने आहार मागे पडला. पुढे २००८ साली लंडनमधील १४५ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषधांना न जुमानणारे झटके असलेल्या या मुलांपैकी आहार दिलेल्या गटात ३८ टक्के मुलांचे झटके तीन महिन्यांत निम्म्याहून खाली आले. आहार न दिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. ग्लुकोज मेंदूत नेणारे वाहक प्रथिनच सदोष असलेल्या मुलांसाठी तर हाच मुख्य उपचार आहे, कारण केटोन दुसऱ्या दाराने आत जातात. पण तिथे प्रत्येक घास ग्रॅममध्ये तोलला जातो, मुतखड्याकडे लक्ष ठेवले जाते, जीवनसत्त्वे दिली जातात, रक्तातील मेद वेळोवेळी तपासले जातात. वजन उतरवण्यासाठी हाच आहार घेणारा प्रौढ माणूस मात्र भ्रमणध्वनीवरच्या यादीच्या भरवशावर असतो, आणि काहीजणांचे एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल या आहारावर फार वाढते हे त्याला वर्षभर कळतही नाही. वजनाबाबत म्हणाल तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६०९ जणांच्या वर्षभराच्या चाचणीत कमी कर्बोदकांच्या गटाचे सरासरी सहा किलो उतरले आणि कमी मेदाच्या गटाचे ५.३, हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. तो आहार कीटोइतका कडक नव्हता हे खरे, पण चमत्काराच्या भाषेला त्यातून आधार मिळत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की अशा लेखांत वजनाचा आकडा छापताना तो कितव्या दिवसाचा हे छापावे, आणि रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसाच्या आधी डॉक्टरांकडे जावे, नंतर नव्हे, हे वाक्य लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत यावे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनाही कधीकधी सांगावी लागते, म्हणून लिहिते. काही आठवडे कर्बोदके तोडली की स्नायू ग्लुकोज घेण्याचे टाळू लागतात, म्हणजे ते मेंदूसाठी उरावे. स्वादुपिंडाचा इन्सुलिनचा पहिला झपाटाही मंदावतो. अशा माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली तर ती मधुमेहासारखी चढलेली दिसू शकते. म्हणून या चाचणीआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदके खावीत असा नियम आहे. भाऊ चौथ्या महिन्यात कार्यालयाच्या वार्षिक तपासणीला निघाला तेव्हा मी त्याला दारातच अडवले आणि तपासणी पुढे ढकलायला लावली. औषधांच्या बाबतीत त्याला विचारायचे राहून गेले होते, ते एवढ्यापुरते तरी भरून निघाले. तीन दिवस नेमाने कर्बोदके खाऊन त्याने ती चाचणी केली आणि आकडा सामान्य आला.

कळावे,
आपली विश्वासू,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका
(नाव व पत्ता आपल्याकडे नोंदवला आहे, प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)